शिवकांताचा टँकर

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. उदगीरच्या बाजारात महादेवप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. स्टीलची ताटं धूळ खात पडली होती, आणि प्लास्टिकच्या घागरी अन् ड्रम हातोहात उठत होते. गल्ल्यावर त्यांची लेक शिवकांता बसायची. कॉम्प्युटर घेऊन बीएस्सी झालेली, पण नोकरीसाठी पोरीला पुण्याला धाडायला तिची आई, अव्वा, राजी नव्हती. गिऱ्हाईक हललं की शिवकांता मावसभावाच्या जुन्या लॅपटॉपमध्ये मुंडकं घालायची.

"काय करायलीस गं दिसभर?" अप्पा विचारायचे.

"गेम बनवायले, अप्पा."

"लोकं खेळतेत. तू बनवायलीस कामून?"

ती पुन्हा पडद्याकडं वळायची. शिकवणारं कुणी नव्हतं. मोबाईलवर व्हिडिओ लावायचा, मध्येच थांबवायचा, बघितलं तसं लिहून पाहायचं. तिनं पहिल्यांदा पडद्यावर माणूस उभा केला, तर तो सरळ जमिनीतून खाली घसरून गायब झाला. जमीन रंगवली होती, पण ती टणक आहे हे कॉम्प्युटरला सांगायचं राहिलं होतं. जमीन टणक केली, तर गडी भिंतीतून आरपार जायला लागला. ती वैतागायची, झाकण आपटायची आणि चहा घेऊन पुन्हा उघडायची. एक दिवस तो माणूस भिंतीला धडकून थांबला, तेव्हा ती दुकानात एवढ्यानं ओरडली की घागर बघायला आलेली बाई घाबरून दोन पावलं मागं सरली.

आता खेळ कशाचा करायचा? उडणाऱ्या मोटारी तिला काढता येत नव्हत्या. रोज डोळ्यांपुढं होता तो टँकर. तिनं तोच घेतला. खेळणाऱ्यानं टँकरवाला व्हायचं, पाइप धरायचा. आपल्या माणसांचे ड्रम भरले की गुण वाढायचे. गल्लीच्या टोकाला एक म्हातारी घागर घेऊन उभी असायची आणि तिच्यापर्यंत पाणी कधीच पोचायचं नाही. टँकरवाल्याला तिनं झुपकेदार मिशा काढल्या आणि गळ्यात पिवळं उपरणं टाकलं.

गल्लीत टँकरचं वाटप मलप्पाकडं होतं. त्याच्या मिशा तशाच, उपरणंही तसंच. शिवकांतानं हे गमतीत केलं की मुद्दाम, ते तिचं तिला ठाऊक. शेजारच्या पोरींच्या फोनमध्ये खेळ टाकताना ती हसली होती, एवढं खरं.

खेळ या फोनमधून त्या फोनमध्ये असा गावभर झाला. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून त्या दिवसांत चौकात आंदोलनाचा मंडप उभा होता आणि मलप्पा तिथला पुढारी. तो भाषणाला उभा राहिला की मागून कुणीतरी ओरडायचं, "मलप्पा, म्हातारीला पाणी!" सगळा मंडप हसायचा. एकदा तर तो बोलता बोलता माईक टाकून खाली बसला.

पुढच्या पाळीला टँकर त्यांच्या गल्लीत आलाच नाही. घागरींची रांग उन्हात तापत राहिली. त्याच्या पुढच्या पाळीलाही तेच झालं. मग बाया दुकानावर आल्या, सगळ्यांच्या पुढं शेजारची पार्वतम्मा.

"तुझ्या खेळापायी आमचे गळे सुकले, बाई," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला.

"पुसून टाक ते," अव्वा आतून ओरडली.

"कुठून पुसू, अव्वा? गावभर झालंय."

अप्पांनी दुकानाचं शटर खाली ओढलं. "चल. मलप्पाची माफी मागून मोकळी हो."

शिवकांतानं लॅपटॉप काखेत मारला. मागून पार्वतम्माही निघाली, तिच्यामागं आणखी दोघी-तिघी.

मंडपात मलप्पा लोडाला टेकून बसला होता. "शरणू, महादेवप्पा," तो नमस्कार करत म्हणाला. "लेक लई हुशार निघाली तुमची."

अप्पा हात जोडणार, तेवढ्यात शिवकांता पुढं झाली. "काका, एकदा खेळून बघा. खोटं वाटलं तर इथंच सांगा. मी ज्याच्या त्याच्या फोनमधून काढायला लावते."

अप्पांनी तिचं मनगट घट्ट पकडलं. मलप्पानं सगळ्यांकडं एक नजर टाकली. नाही म्हणावं तर भ्याला असं दिसलं असतं. "आण इकडं," तो म्हणाला.

मोठमोठी बोटं बटनांवर अडखळत होती. पहिल्यांदा पाणी रस्त्यावरच सांडलं आणि लोक हसले. दुसऱ्यांदा त्यानं ड्रम सोडून दिले आणि पाइप थेट म्हातारीकडं नेला. पाइप मध्येच अडला. तो बटन दाबतच राहिला. कपाळावर घाम आला.

"पुढं कामून जात न्हाई?"

"पाइप तिथवर पुरत न्हाई, काका."

"कुणी ठरवलं?"

शिव्यांची तयारी करून आली होती शिवकांता, या प्रश्नाची नव्हे. "मी," ती म्हणाली.

"म्हंजे मी कसाबी वागलो तरी चोरच?"

तिचा चेहरा उतरला. माणूस बरोबर बोलत होता. तिनं त्याला चांगलं वागायची जागाच ठेवली नव्हती. ती काहीतरी म्हणणार, तोच पार्वतम्मा मागून बोलली.

"खेळातलं ऱ्हाऊ दे, मलप्पा. आमच्या गल्लीत पाइप पुरतो का न्हाई, ते सांग."

आता कुणी हसलं नाही. मलप्पानं लॅपटॉप हळूच बाजूला सारला. उपरणं झटकलं आणि उठला. "उद्या गाडी येईल," एवढंच बोलून तो मंडपाबाहेर पडला.

गाडी आली. सगळ्या गल्ल्या करून शेवटी आली, अर्धीमुर्धीच होती. मलप्पानं स्वतः पाइप धरला आणि पार्वतम्माची घागर आधी भरली. सगळे बघत होते, म्हणूनही असेल. मागच्या बायांना त्या दिवशी पाणी मिळालं नाही, आणि त्यांनी दोघांनाही शिव्या घातल्या, मलप्पाला आणि शिवकांतालाही.

शिवकांतानं खेळातला पाइप लांब केला. पण मग जो तो म्हातारीला पाणी देऊन मोकळा व्हायचा आणि खेळात काही दमच उरला नाही. म्हणून तिनं टाकीतलं पाणी कमी केलं आणि घरं वाढवली. आता कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. मिशा आणि उपरणंही काढून टाकलं. यात अख्खा पावसाळा गेला. पुढं हाच खेळ बघून पुण्याच्या एका छोट्या कंपनीनं तिला घरबसल्या काम दिलं, आणि दुकानामागच्या खोलीत तिचं टेबल लागलं. मलप्पा रस्त्यात भेटला की मान हलवतो, बोलत मात्र नाही. जिल्ह्यासाठीचा मंडप अजून उभा राहतो.

अप्पांनी तो खेळ एकदाच खेळला. सगळ्यात आधी आपल्याच घराचे ड्रम काठोकाठ भरले, मग भावाचे, आणि पाणी संपलं. लेक आपल्याकडं बघतेय हे त्यांना कळलं. "खेळच हाय की," ते म्हणाले, आणि गिऱ्हाईक नसतानाही गल्ल्याकडं निघून गेले.