समाधानकारक

“सर, एक लिंक येईल. स्पॅममध्ये पण देख लेना.”

उंबरठ्यावर ताठ उभी राहून ती एवढेच सांगे. चपला काढत नसे. तिचे आजोबा महूच्या छावणीत, फौजेत होते. उभे राहण्याची ती रीत तिथून आली असावी. स्नेहलतागंजातल्या माझ्या घरी ती पाच वर्षे येत होती, पण खुर्चीवर कधी बसली नाही.

मी तिला संख्याशास्त्र शिकवले. पुढे साथीचे रोग शहरात कसे पसरतात याची गणिते संगणकावर मांडून तिने पीएचडी मिळवली. त्यानंतर तिला पोस्टडॉक, म्हणजे ठरावीक मुदतीची संशोधनाची नोकरी, हवी होती. अशा जागा बहुधा परदेशात. मुलाखत पसंत पडली की विद्यापीठ उमेदवाराच्या तीन शिक्षकांना लिंक पाठवते. तिथे त्याच्याविषयी फॉर्म भरायचा, शिफारसपत्र जोडायचे. उमेदवाराला ते दिसत नाही.

नकार आल्यावर हसणारी मुले आपणही पाहिली असतील. ती तशी होती.

“पोह्याच्या दुकानावर भिया लोक कितने बजे भीड करतील, ते माझं मॉडेल सांगतं, सर. मला कोण घेईल, ते नाही सांगत.”

तिसऱ्या वर्षापासून ती हसेनाशी झाली. मुलाखत चांगली होई, लिंक येई, मग शांतता. हा क्रम एकदाही चुकला नाही. संख्याशास्त्राच्या माणसाला तो खटकायला हवा होता. मला खटकला नाही.

“बाकीचे सर लोक बहुत घुमवतात,” ती म्हणे. “तुम्ही लगेच भरता. आणि खरं लिहिता.”

मी खरेच लिहीत असे. फॉर्ममध्ये पाच चौकटी असत. पहिल्या तीन चौकटींतले ‘असामान्य’, ‘सर्वोत्कृष्ट’ असले शब्द मला जाहिरातीचे वाटत. मी चौथीवर खूण करी: सॅटिस्फॅक्टरी. समाधानकारक. पत्राचा शेवटही त्याच शब्दाने. माझ्या गुरूंनी माझ्याविषयी तोच लिहिला होता आणि त्यावर मला नोकरी मिळाली. मी तो शब्द आयुष्यात चौघांसाठीच वापरला. त्या चौघांत ती सर्वांत वरची.

पीएचडीला पाच वर्षे उलटली की यातली बहुतेक दारे बंद होतात. गेल्या मार्चमध्ये ती म्हणाली, “सर, ये आखरी.” लिंक आली. तासाभरात मी फॉर्म भरला. या वेळी भरलेल्या फॉर्मची प्रत मला परत आली. तिच्यात प्रत्येक चौकटीसमोर अर्थ छापला होता. चौथीसमोर होते: नेमणुकीची शिफारस नाही.

दुरुस्तीची सोय नव्हती. मी विद्यापीठाला लिहिले. उत्तर आले नाही.

ती आली तेव्हा प्रत मी तिच्या हातात दिली. तिने ती उभ्यानेच दोनदा वाचली. मग चपला काढल्या, आत आली आणि खुर्चीवर बसली.

“पहले वालों में भी हेच?”

“सगळ्यांत.”

तिने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“पण तुम्ही समाधानी होतात ना, सर?”

“पूर्ण.”

“तो ठीक है.”

समोरचे पाणी न पिता ती गेली. नंतर आली नाही. फोन लागत नाही.

मी आता रोज सकाळी स्पॅमही उघडतो. तिथे औषधांची, लॉटरीची पत्रे असतात. सगळी पहिल्या तीन चौकटींतल्या शब्दांत लिहिलेली.