आत घेतलेली पट्टी

बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे शिवणकाकू म्हणत. कुणाचा सदरा ढगळ झाला, कुणाची कंबर सुटली, की कपडा काकूंच्या दारात. सैल ते आत घ्यायचं, घट्ट ते सोडायचं, बत्तीस वर्षं हाच उद्योग. पायमशीनवर तासन्‌तास पाय खाली ठेवून बसण्यात उजव्या पायाच्या शिरा कामातून गेल्या आणि घोट्याच्या वर जखम झाली. ती दोन वर्षं भरेना.

मशीन खिडकीपाशी होतं. घरात उजेडाचा कोपरा तेवढाच, आणि सुनेला तिथे नातीचं अभ्यासाचं टेबल हवं होतं. मुलानं मधला मार्ग काढला होता. शाळा सुरू होईपर्यंत जखम भरली तर मशीन राहील, नाही तर भाचीकडे जाईल.

दवाखान्यातल्या सिस्टरनं पायाला बूट बांधायला सुरुवात केली. बूट म्हणजे पट्टीच. जस्ताच्या मलमात भिजवलेली ओली पट्टी बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत गुंडाळायची, वरून ताणाची तपकिरी पट्टी. वाळली की कडक होते. आठवडाभर ती सोडायची नाही, भिजवायची नाही, पाय उशीवर. "सैल झाला तरी या, बोटं काळीनिळी पडली तरी या," सिस्टर दरवेळी बजावायची.

तीन बूट झाले. जखम रुपयाएवढी होती ती नखाएवढी झाली. काकू मशीनवरची धूळ पुसायला लागल्या.

चौथा बूट तिसऱ्याच दिवशी सैल झाला. सूज उतरली होती, म्हणजे खरं तर आनंदाचीच गोष्ट. पण दवाखान्यात न्यायचं तर सुनेला रजा टाकावी लागणार. मागच्याच खेपेला रिक्षातून उतरताना ती म्हणाली होती, "माझ्या सगळ्या रजा तुमच्या पायातच चालल्यात, आई." रागानं नव्हे, पण म्हणाली होती.

दुपारी घरात कुणी नव्हतं. काकूंनी पाय खुर्चीवर घेतला, बुटाकडे जरा वेळ बघितलं आणि कात्री काढली. पोटरीपासून घोट्यापर्यंत सरळ कापलं. एक बाजू दुसरीवर दोन बोटं चढवली आणि दुहेरी दोऱ्यानं शिवून टाकली. कच्ची कड त्यांनी जन्मात कधी तशीच ठेवली नव्हती. ती व्यवस्थित आत दुमडली. बूट पायावर असा बसला, की वा!

दोन दिवसांनी टोचायला लागलं. जखम भरताना खुपतंच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. सहाव्या दिवशी सुनेनं विचारलं तर दात आवळून म्हणाल्या, "मुंग्या येतात जरा, बाकी काही नाही."

नेमलेल्या दिवशी सिस्टरनं बूट बघितला. "हे काय? कुणी शिवलं?"

काकूंनी स्वतःकडे बोट केलं.

"शिवण मात्र झकास आहे हो," असं म्हणत तिनं बूट कापला, आणि पुढे तिची थट्टा थांबली. जुनी जखम जवळजवळ मिटली होती. शेजारी, दुमडलेली कडक कड जिथे रुतली होती तिथे, वीतभर नवी जखम होती. फूटपट्टीनं आखल्यासारखी सरळ.

"कातडी कागदासारखी झालीय तुमची. आता पुन्हा पहिल्यापासून. तीन महिने तरी धरून चला."

शाळा पंधरा दिवसांवर आली होती.

सून भिंतीला टेकून उभी होती. "मला का नाही सांगितलंत?"

"तुझी रजा..."

रिक्षात सुनेनं काकूंचा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिली.

घरी आल्यावर काकू खिडकीपाशी गेल्या. मशीनच्या सुईतला दोरा काढला, बॉबिन काढली, पट्टा उतरवून गुंडाळला. सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. आता ती म्हणेल, राहू दे हो आई, असं काकूंना वाटलं. त्यांनी सावकाश मशीनवर झाकण ठेवलं. मग आणखी थोडं थांबून स्वतःच विचारलं,

"टेबल कधी येणार?"

"शनिवारी," सून म्हणाली, आणि त्यांच्या पायाखाली ठेवायला उशी आणायला आत गेली.