घळीच्या तोंडाशी बाबांनी बूट काढले

मंडळी, मी आणि बाबा आत्ताच इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांतून रीडिंगला घरी परतलोय. तंबू अजून गाडीतच आहे, पण आधी तुम्हाला ही ईमेल.

सकाळी हाइकवर खडकात एक अरुंद घळ लागली. दोन्हीकडे शेवाळलेल्या उंचच उंच भिंती, वर आभाळाची एवढीशी पट्टी. पुण्याहून आलेले माझे बाबा तोंडाशीच थांबले आणि बूट काढायला लागले.

माझं डोकंच फिरलं. "अहो बाबा, हे देऊळ नाहीये! घसराल!"

"मग आतली माणसं एवढी हळू का बोलतायत?"

मी कान दिला. खरंच, सगळे कुजबुजत होते.

मीही बुटांच्या लेस सोडल्या. पायाखालचा दगड गार लागला, अगदी गाभाऱ्यातल्यासारखा.

खरं सांगा, तुम्ही बूट काढले असते का?