खिशातली काडतुसं

आमच्या कोरेगावचे सभापती कुठल्याही गल्लीत शिरले की आधी मान वर करून गच्च्या बघायचे. नव्वदच्या सुमाराला त्यांच्याच विजयाच्या मिरवणुकीत कुणीतरी हौसेनं बंदुकीचा बार काढला आणि गच्चीवरून बघणारी एक बाई गोळी लागून गेली. पुढं पंचायत समितीत त्यांनी लग्नांतल्या बंदुकांविरुद्ध ठराव मांडला. त्याला अनुमोदनही मिळालं नाही. पद गेलं, तरी ते लग्नघरी जाऊन तेच सांगत राहिले. हळूहळू लोकांनी त्यांना पत्रिका देणंच सोडलं.

माझ्या मुलाच्या लग्नात मीही दिली नाही. मेव्हणा माजी सैनिक, त्याची बंदूक येणारच होती.

वरात निघाली, तर सभापती मेव्हण्याच्या शेजारी उभे. "पाहुणं, काडतुसं तेवढी माझ्याकडं द्या. नवरी घरात गेली की माघारी देतो."

मेव्हण्यानं हसत दोन काडतुसं दिली. ती खिशात मुठीत धरून ते वरातीभर चालले, वर बघत. दारात परत दिली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सभापती, जेवून जावा."

"बोलावलं न्हाई ते बरं केलंसा," ते म्हणाले. "बोलावलं असतं तर पंगतीला बसावं लागलं असतं. मग वर कोण बघणार?"

आणि ते एकटेच स्टँडकडं निघाले.

गच्चीवरून बायकोनं हाक मारली, "आवं, सभापती उपाशीच चाललं व्हय?"

उत्तर द्यायला मान वर करायला हवी होती. माझ्याच्यानं ती वर झाली नाही.