तोंडावर बोट

भाचीला बालवाडीतून आणायला जरा लवकरच गेले आणि खिडकीशी थांबले. आत बाई 'प'चा आवाज शिकवत होत्या. प्रत्येकाने ओठांसमोर कागदाची पट्टी धरली होती. 'प' म्हटलं की तोंडातून वारा सुटायचा आणि पट्टी उडायची. चारचौघांत तोंड न उघडणारी आमची सईसुद्धा "प! प!" करत पट्टी उडवत होती, खिदळत होती.

तेवढ्यात मुख्याध्यापिका पाहुण्यांना घेऊन आल्या. दारातूनच ओरडल्या, "काय गोंधळ चाललाय? हाताची घडी, तोंडावर बोट!"

पट्ट्या जमिनीवर पडल्या. पाहुणे म्हणाले, "वा, काय शिस्त आहे!"

माझं डोकंच फिरलं. मूल बोलेना म्हणून आपण डॉक्टरांचे उंबरे झिजवतो, त्याचा पहिला बोबडा शब्द फोनवरून गावभर ऐकवतो. आणि ते शाळेत गेलं की सांगतो काय, तर गप्प बस! उद्या हीच मुलं अन्याय बघून गप्प राहिली की पुन्हा आपणच विचारणार, तुम्हाला तोंड नाही का?

पाहुणे गेले. बाई वाकून मऊ आवाजात म्हणाल्या, "चला, बोटं काढा. म्हणा, प!"

सगळ्यांनी काढली. सईने काढलं नाही.