लेकरू धराची पाळी

लगनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमची गाडी गावातून निंघाली. आमचं गाव तिवस्याच्या पुढं, रोडपासून आत. बाबा खिडकीपाशी आले, माह्या डोक्यावर हात ठेवला अन् एवढंच म्हनले, "बाई, तिकडं जास्त बोलजो नोको." मायच्या तं तोंडात पदर होता. मंग गाडी अमरावतीत शिरली, डायवरले डिझेल टाकाचं होतं, अन् पंपाच्या समोरच आमचं कॉलेज. मी तिथं बीएचं पहिलं वर्ष केलं, एसटीच्या पासवर जानं-येनं करून. त्या टायमाले तास सुटला होता अन् माह्याच वर्गातल्या पोरी फाटकातून बाहीर येऊन राहिल्या होत्या, छातीशी वह्या धरून, हासत. मी हिरवा चुडा घातलेली, डोक्यावर पदर, पटकन सीटच्या मंधात वाकली. नवरा म्हने काय झालं? मी म्हनली पिन पडली. पिन-बिन काही नोती पडली.

अकोला काही अमेरिका नाई, मले ठाऊक हाय. भाषा थेच, ऊन थेच, भाजीत तिखट थेवढंच. पन मी त्या घरात गेली अन् मले सगळ्याचंच भेव वाटाले लागलं. गॅस पेटवाचं भेव, नळ गेला तं भेव, सासूबाई खोकलली तरी भेव. सासूबाईले मी आत्याबाई म्हनतो. त्या काही वाईट नाई, पन बोलनं असं का कानाखाली वाजल्यावानी. आमचे हे दालमिलमंधी कामाले, सकाळी डबा घेऊन जाते, संध्याकाळी डाळीची धूळ घेऊन येते. मी दिवसभर चूप. बाबानं सांगतलं होतं ना. दोन वर्सं मी अशीच काढली, अन् मंग माही आरू झाली.

सुधाताईचा पहिला फोन आला तवा आरू चार महिन्याची होती. सुधाताई म्हनजे आमच्याच कॉलेजच्या लय जुन्या विद्यार्थिनी, शाळेतून रिटायर झालेल्या मास्तरीन. त्याईचा जुन्या पोरीयचा एक ग्रुप हाय. कोनी बँकेत हाय, कोनी नर्स, कोनी घरीच. ज्या पोरी मंधातच शिक्षन सोडून गेल्या, त्यायची यादी कॉलेजातून मांगून आनतात अन् एकेकीले फोन करतात. फारम भरून देतात, पुस्तकं पाठवतात. मले म्हनाल्या, "तुझं पहिलं वर्ष पास आहे. दुसऱ्याला बसतेस का?" मी फोन ठेवूनच देल्ला. मले वाटलं कोनी फसवून राहिलं. दुसऱ्या दिवशी त्याईनं पुना केला. तिसऱ्या दिवशी पुना. चौथ्या दिवशी मीच वाट पाहून राहिली होती.

फारम भरतानीच त्याईनं सांगतलं का या येळी नाई बसली तं मुदत संपते, मंग पुना पहिल्यापासून. पुना पहिल्यापासून म्हनजे कधीच नाई, हे मलेही समजत होतं अन् त्यायलेही.

आता लेकराचं काय? तं त्याईची एक पद्धत हाय. पेपराच्या दिवशी कॉलेजच्या फाटकाच्या आत जो मोठा लिंब हाय, त्याच्या खाली सतरंजी टाकतात, अन् जुन्या पोरी पाळीपाळीनं येऊन बसतात. जिले पेपर हाय, थे आपलं लेकरू त्यायच्यापाशी देऊन वर जाते. पाळी पैशाची नाई, कोनी मोठी नाई, लहान नाई. ज्या बाईचं लेकरू कधीकाळी त्या लिंबाखाली होतं, तिनं पुढं दुसरीचं धराचं. सुधाताईनं हे काहून सुरू केलं थे मले मंग कळलं. त्यायच्या टायमाले त्यायची एक मैतरीन लेकराचं रडनं आयकून अर्धा पेपर सोडून खाली उतरली, अन् पुना कधी कॉलेजात आलीच नाई.

लेकरू देतानी एक चिठ्ठी लिहून द्या लागते. नाव, महिने, काय खाते, कशाले भेते. अन् एक सवाल असते, वरचं दूध पिते का? सुधाताईनं फोनवर साफ सांगतलं होतं, "अंगावरच पीत असेल तर तीन तास आम्ही सांभाळू शकत नाही गं, उन्हाचे दिवस आहेत. खरं सांग." आरू तवा सात महिन्याची. माह्या अंगावरच प्याची. मी आठ दिवस बाटली देऊन पाहिली, थे अशी तोंड फिरवे का जसं मी तिले औषधच देऊन राहिली. पन मी फोनवर म्हनली, पिते ना ताई. मले वाटलं भूक लागली तं पिऊन घेईन, भूक काय सोडते का कोनाले.

निंघतानी आत्याबाई दारात उभ्या. "जा बाप्पा. पन लेकराले काही झालं तं माह्या उंबऱ्यात पाय नोको ठेवू." त्या येतच नोत्या, गुडघे धरले होते त्यायचे. आमच्या यायनं स्टँडवर सोडून देल्लं अन् मी एवढूशा लेकराले घेऊन एकटीच बसमंधी बसली. मूर्तिजापूर गेलं तरी मी पिशवीतली बाटलीच चाचपून राहिली होती.

लिंबाखाली पाच-सहा बाया होत्या. सुधाताईले मी पहिल्यांदाच पाहिलं, बारीक अंगाच्या, पांढरे केस, पायात कापडी बूट. त्याईनं चिठ्ठी पुढं केली. मी लिहिलं. आरू. सात महिने. पंख्याच्या आवाजाले भेते. वरचं दूध पिते, हो. पेन माह्या हातात घसरून राहिला होता घामानं. मंग एका बाईनं हात पुढं केले. थे नसरीन. अमरावतीचीच, माह्यापेक्षा दोन वर्सं पुढची, पास होऊन बसलेली, आज तिची पाळी होती. तिच्या मांडीवर तिचं सवताचं धाकटं पोट्टं होतं, तीन महिन्याचं. म्या म्हनलं दोन दोन कशी सांभाळन ही? थे म्हने, "जा वं तू. पेपर की घंटी हो जायेगी." म्या लेकरू देल्लं अन् मांगं न पाहता जिना चढली. पाहिलं असतं तं गेलीच नसती.

अर्थशास्त्राचा पेपर होता. पहिला अर्धा घंटा मी लिहिलं, बऱ्यापैकी लिहिलं. मंग रडनं आयकू आलं. खाली पाच लेकरं होती, पन मायले आपलं समजते. थे वाढतच गेलं. माहा पान्हा फुटला, ब्लाऊज वलं झालं, मी पदर पुढं घेतला अन् लिहून राहिली होती पन काय लिहून राहिली थे मले आजही सांगता येनार नाई. किती येळ गेला ठाऊक नाई. अन् मंग एकदम रडनं बंद झालं.

रडत होती तवा मले भेव कमी होतं. बंद झालं तवा मी उभीच राहिली. माह्या डोक्यात काय काय आलं थे लिहित नाई. वर्गातली मॅडम म्हने, "बाई, बसा. खाली गेलात तर परत घेता येनार नाई." मी तशीच उभी, हातात पेपर. सगळ्या पोरी माह्याकडे पाहून राहिल्या. अन् मी बसली. लोक म्हनतात हिंमत केली पोरीनं. हिंमत-बिंमत काही नाई. मी मॅडमले भेऊन बसली. खाली जाऊन काय पाहा लागन याले भेऊन बसली. उरलेले दोन घंटे मी नुसतं लिहित गेली, वाट फुटन तिकडं.

घंटा झाली तवा मी जिना कसा उतरली मले ठाऊक नाई, एक चप्पल वरच राहिली. लिंबाखाली आरू नसरीनच्या मांडीवर झोपलेली. नसरीनची ओढनी तिच्यावर. गालावर दुधाचा थेंब वाळलेला. अन् बाटली बाजूले, भरलेली, जशीच्या तशी.

सुधाताईच्या हातात माही चिठ्ठी होती. त्या मोठ्यानं नाई बोलल्या. म्हनाल्या, "तुझ्या अक्षरावर विश्वास ठेवून मी या लेकराला अर्धा तास उपाशी रडवलं. पिईल, पिईल, म्हणून बाटलीच कोंबत राहिले." मंग त्या तिकडं तोंड करून बसल्या.

मी आरूकडंच पाहून राहिली होती. नसरीनच बोलली, एकदम भडाभडा.

"खोटं काहून लिहिलं वं? बाटली पाहूनच तोंड फिरवते तुही पोरगी. मैंने पिला दिया. तुले बलावलं असतं तं तू पेपर सोडून आली असती. बिना विचारल्यानं पाजलं, आता रागं भर, मार, काय करतं थे कर."

मी खाली बसली अन् तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. थे म्हने, "अरे रो मत, दोनो उठ जायेंगे." मंग जरा येळानं म्हने, "आमच्यात एकाच बाईचं दूध पेलं तं भाऊ-बहीन होते, पक्के. म्हनजे या दोघायचं लगन नाई होऊ शकत, आत्ताच सांगून ठेवतो. मंग नोको म्हनजो का सांगतलं नाई." तिथं बसलेल्या सगळ्या बाया हासल्या. सुधाताईही हासल्या, डोये पुसत. मीच नाई हासली. मले तं घर दिसत होतं, अन् घरातला उंबरा.

बसमंधी मी ठरवलं का सांगाचंच नाई. कोन पाहिलं? लेकरू हासून राहिलं, पोट भरलेलं हाय, झालं. चूप राहाले तं मले आता शिकवाची गरज नोती. पन अकोल्याच्या स्टँडवर उतरली अन् मले त्या चिठ्ठीवरचं माहंच अक्षर दिसाले लागलं. मी चूप राहिली म्हनूनच तं लेकरू रडलं ना.

आत्याबाई ओट्यावर तुरीची डाळ निसत होत्या. मी आरूले खाली ठेवलं अन् उभ्या उभ्याच सगळं सांगतलं, बाटलीचं, चिठ्ठीचं, सगळं. दम नाई घेतला, घेतला असता तं मंधातच थांबली असती.

त्यायचा हात सुपात थांबला. "कोन होती थे?"

"नसरीन."

त्याईनं सूप पुना हालवलं. खडा काढून बाहीर फेकला. मंग म्हनाल्या, "तिचं सवताचं किती महिन्याचं हाय?"

"तीन."

"मंग तिच्या पोट्ट्याले पुरलं का?"

मले मेल्यावानी झालं. हे मी इचारलंच नोतं. मी माह्या लेकराचंच पाहिलं, माह्या पेपराचंच पाहिलं. आत्याबाई उठल्या, गुडघ्यावर हात देऊन, अन् लाडू कराले डब्यातून डिंक काढला. उन्हाचे दिवस, डिंक गरम पडन म्हनून खोबरं जास्त टाकलं. दुसऱ्या पेपरले मी निंघाली तवा डबा हातात देल्ला. "तिले दे. घरी-बिरी बलवाची काही गरज नाई. पन डबा दे. अन् दोन टाईम खाजो म्हना, एकाच टायमाले संपवू नोको म्हना." आत्याबाई अशाच हाय. त्या बदलल्या म्हनून मी खोटं लिहिनार नाई. नसरीन आजपावतर आमच्या घरी आली नाई. पन दर वख्ताले त्या इचारतात, तिचं पोट्टं रांगते का, चालाले लागलं का.

राहिलेल्या पेपरले नसरीनची पाळी नोती, तरी थे आली. डबा उघडून म्हने, "सास बढिया है तेरी, जबान छोडके." मी जेमतेम पास झाली. अर्थशास्त्रात तं काठावर. पन झाली.

यंदा माही पहिली पाळी होती. सतरंजीवर बसली अन् एक पोरगी आली मेळघाटाकडली, चिखलदऱ्याच्या खालच्या गावची, पाठीशी लेकरू बांधलेलं, डोये असे का आत्ता पळून जाईन. चिठ्ठी लिहितानी तिचा पेन थांबला. म्या चिठ्ठीच घेतली तिच्या हातातून. म्हनली, "बाई, थे राहू दे. तोंडानं सांग. अन् जे नाई होत थे पहिले सांग." थे माह्याकडे पाहत राहिली अन् मंग हळूच म्हने, "हा कोनाच्यापाशीच राहत नाई." म्या म्हनलं, "बरं झालं सांगतलं." लेकरू दोन घंटे रडलं. मी त्याले घेऊन लिंबाभोवती फिरली, पाय मोडले माहे. पन मले ठाऊक होतं थे काहून रडून राहिलं, अन् त्याच्या मायलेही ठाऊक होतं.

हे सुधाताईनं लिहाले लावलं, म्हनून लिहिलं. गावात राहिलेल्या पोरीयसाठी, अन् माह्यावानी लगनाच्या गाडीत बसून गेलेल्यायसाठी. तुमालेही एखाद दिवशी फोन येईन. उचलजा.

अन् माय, तुह्यासाठीही लिहितो. तू दर फोनले एकच इचारतं, करमते का वं तुले तिकडं? मी दरखेपी म्हनतो, हो माय, लय करमते. परवा तू इचारलं अन् मी म्हनली, नाई करमत माय. चार वर्सं होत आली, अजूनही सकाळी उठली का पहिले समजत नाई मी कोन्या घरात हाय. मले वाटलं फोन कटला. मंग तू म्हनली, "मलेही नाई करमत वं तुह्याबिगर. तुह्या बाबालेही नाई. आमीही खोटंच सांगत होतो."

आता मले कोनी इचारलं, तुहं घर कोनतं, तं मी गावाचं नाव सांगत नाई, अकोल्याचंही नाई. जिथं मले नाई करमत हे म्हनता येते, थे. अशी तीन ठिकानं झाली आता, मायपाशी, आत्याबाईपाशी अन् लिंबाखाली, अन् त्यातल्या एकाले तं छप्परही नाई.