डबी कोणी धरायची

रक्त सोडून माणसाच्या अंगातून जे काही तपासायला घेतात, म्हणजे थुंकी, लघवी, शौच, घशातला स्वॅब, गळवातला पू, ते कसं गोळा करायचं हे शिकवणं माझं काम. कोल्हापुरातल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी टेक्निशियन आहे. वर्षातून चार-सहा वेळा जिल्ह्यातल्या आशाताई आणि नर्सताई आमच्याकडे एका दिवसाच्या प्रशिक्षणाला येतात. घरी या कामाबद्दल मी फारसं कधी बोललो नाही, जेवताना बोलण्यासारखं ते नाहीच. पण मी ज्याबद्दल गप्प राहिलो ते त्यातलं किळसवाणं काही नव्हे. ते माझ्याबद्दलचं आहे, आणि आता लिहून टाकतो.

टीबीच्या संशयितांची थुंकी घेणं हा या सगळ्यातला धोक्याचा भाग. माणूस छातीतून जोरात खोकतो तेव्हा जंतू हवेत उडतात. म्हणून नमुना मोकळ्या हवेत घ्यायचा, उन्हात असला तर उत्तम. पेशंटनं चूळ भरायची, दोन-तीन खोल श्वास घ्यायचे, खोकायचं आणि डबीत थुंकायचं. डबी त्यानंच धरायची. आपण त्याच्या पाठीमागे, वारा आपल्याकडून त्याच्याकडे जाईल असं उभं राहायचं. मी हे झोपेतसुद्धा सांगेन.

त्या दिवशीही सांगितलं होतं. मे महिना होता. आमचा हॉल दुसऱ्या मजल्यावर, नवा एसी बसवलेला, आणि त्यासाठी खिडक्या कायमच्या बंद केलेल्या. भाषण झाल्यावर प्रात्यक्षिक खाली पटांगणात घ्यायचं असतं. म्हणजे तीस बायकांना जिना उतरवायचा, उन्हात उभं करायचं, परत वर आणायचं. पुरी-भाजीची पाकिटं येऊन पडली होती, राधानगरीकडच्या बायकांना तीनची एसटी गाठायची होती, आणि खरं सांगायचं तर मलाच त्या उन्हात जायचं नव्हतं.

"इथंच करून टाकू," मी म्हणालो. "काय फरक पडतोय, खोटं खोटंच खोकायचंय."

सगळ्या हसल्या. पहिल्या रांगेत गडमुडशिंगीची एक आशाताई बसली होती. तिशीतली, मांडीवर वही, मी बोलेन ते उतरून घेणारी. तिनं हात वर केला.

"सर, म्हातारं मानूस असलं, हात कापत असला, तर डबी कुनी धरायची?"

प्रश्न चांगला होता आणि उत्तर मला माहीत होतं. अशा माणसाला अंगणात खुर्चीवर बसवायचं, कोपर मांडीवर टेकवून दोन्ही हातांनी डबी धरायला लावायची, आपण मागे उभं राहायचं. जमलंच नाही तर दवाखान्यात आणायचं. दोन मिनिटं लागली असती.

"तुम्हीच धरायची की, ताई," मी म्हणालो. "सासऱ्याला चहा देता तशी."

हॉल पुन्हा हसला. ती पण हसली. मग मी तिलाच पुढे बोलावलं आणि पेशंट केलं. बंद हॉलात, एसीच्या गारव्यात, तिच्या समोर तोंडासमोर तोंड करून मी उभा राहिलो, डबी स्वतःच्या हातानं तिच्या हनुवटीखाली धरली आणि म्हणालो, "हं, खोका." ती पदर तोंडाला लावून लाजत खोकली. टाळ्या झाल्या. जागेवर जाऊन बसल्यावर तिनं वहीत काहीतरी लिहिलं.

पाकिटं वाटता वाटता मी तपासयादी भरली. "मोकळ्या हवेत प्रात्यक्षिक घेतले" या रकान्यात बरोबरची खूण केली. नेहमीच करत होतो. खाली सगळ्यांनी सह्या केल्या, कुणीही न वाचता, कारण बस सुटत होती.

त्या पावसाळ्यानंतर तिचे नमुने येऊ लागले. एरवी आमच्याकडे डब्या येतात त्यात निम्म्या वेळा नुसती लाळ असते, नाहीतर सकाळी मिसरी लावून झाल्यावरचं काळं पाणी. ते परत पाठवावं लागतं. हिची डबी मात्र कधी परत गेली नाही. घट्ट, छातीतला बेडका, झाकण पक्कं, नाव झाकणावर न लिहिता डबीवर लिहिलेलं. विशेषतः एका म्हाताऱ्याचे नमुने. तो माणूस अंथरुणाला खिळलेला, उपचार चालू असताना दर काही महिन्यांनी तपासावा लागायचा, आणि अशा माणसाकडून असा नमुना मिळणं अवघड.

"एक नंबर, ताई," मी खिडकीतून म्हणायचो. "जिल्ह्यात तुमच्यासारखा नमुना कोण आणत नाही."

"शिकवलंयसा की तुमीच," ती म्हणायची.

पुढच्या प्रशिक्षणांत मी तिचं उदाहरण देऊ लागलो. बघा, इच्छा असली की जमतं, म्हणायचो. ती हे कसं जमवते हे एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सरळ सांगितलं असतं, तिला लपवायचं काही कारणच नव्हतं. म्हाताऱ्याच्या नातीला स्थळं बघणं चाललं होतं, म्हणून घरचे त्याला अंगणात आणू देत नव्हते. शेजाऱ्यांना कळेल म्हणून आतल्या खोलीचं दार-खिडकी लावून घ्यायचे. ही तोंडाला साधा कापडी मास्क बांधून त्याच्या समोर बसायची, एका हातानं त्याची मान सावरायची, दुसऱ्या हातानं हनुवटीखाली डबी धरायची आणि म्हणायची, हं, खोका. जसं दाखवलं होतं तसं.

दीड वर्षानं तिलाच खोकला लागला. तिची डबी माझ्याच हातात आली. नाव वाचलं तेव्हा मला वाटलं, चुकून स्वतःचं नाव लिहिलं असेल. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

टीबी कुठूनही होतो. एसटीत होतो, बाजारात होतो, तिला त्या खोलीतच लागला हे कुणी सिद्ध करू शकत नाही. हे वाक्य मी पुढे कित्येक दिवस स्वतःला ऐकवत होतो. आजही ते खोटं नाही. पण ते मला जेवढं उपयोगी पडलं तेवढं दुसऱ्या कुणाला पडलं नाही.

कर्मचाऱ्यालाच लागण झाली म्हटल्यावर चौकशीची बैठक लागली. एक वरिष्ठ डॉक्टर, मी, ती, आणि लिहून घेणारा क्लार्क. ती मास्क लावून दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती, गोळ्यांनी चेहरा उतरलेला. डॉक्टरांनी विचारलं, नमुने कसे घेत होता? तिनं सांगितलं, जसंच्या तसं. डॉक्टर माझ्याकडे वळले.

"तुम्ही यांना असं शिकवलं?"

मी फाइल उघडली, तपासयादीचा कागद काढला आणि त्यांच्यासमोर सरकवला. मोकळ्या हवेत प्रात्यक्षिक घेतले, बरोबरची खूण, खाली तिची सही.

"ही सही तुमचीच का?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

"व्हय. माझीच हाय."

"मग सांगितलेलं का पाळलं नाही?"

तिची पिशवी मांडीवर होती. तिनं एकदा पिशवीत हात घातला, मग काढून घेतला. माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होतो.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

क्लार्कनं लिहिलं, प्रशिक्षणातील सूचनांचे पालन न करता निष्काळजीपणे नमुने घेतल्याने. मी खाली साक्षीदार म्हणून सही केली. पेन चालत नव्हता, दोनदा झटकावा लागला.

ती बरी झाली. सहा महिने गोळ्या नेमानं घेतल्या, शेवटचा नमुना निगेटिव्ह आला. पण गावात तोवर बोलणं पसरलं होतं की हिनं हलगर्जीपणा केला, आता घराघरात रोग घेऊन फिरेल. बायका तिला उंबऱ्याच्या आत घेईनात. बाळंतिणीच्या घरचे तर बाहेरूनच परतवायला लागले. तिनं काम सोडलं. हे मला तिच्या जागी आलेल्या बाईकडून कळलं.

मी काय केलं? प्रात्यक्षिक खाली पटांगणात घ्यायला लागलो. ऊन असो, पाऊस असो, तीस जणींना जिना उतरवायचो आणि हात कापणाऱ्या माणसाला खुर्चीवर कसं बसवायचं तेही दाखवायचो. का बदललं हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला वाटत होतं, एवढ्यानं भागलं.

यात चार वर्षं गेली. यंदाच्या उन्हाळ्यातल्या प्रशिक्षणात मी खुर्चीचं दाखवून झाल्यावर उचगावची एक नवी मुलगी उत्साहानं म्हणाली, "सर, आमाला तालुक्याला त्या गडमुडशिंगीच्या बाईचं सांगत्यात न्हवं. तुमी शिकवल्यालं ऐकलं न्हाय, सोताच डबी धरून बसायची, आन् टीबी लावून घेतला. आसं येडं कोन करंल?"

बायका हसल्या. त्याच हसण्यासारखं हसणं होतं ते. मी "पुढं चला" म्हणालो. हात धुवायला नळावर गेलो आणि बराच वेळ पाणी सोडून उभा राहिलो.

त्या रविवारी मी तिच्या गावी गेलो. तिच्या नवऱ्यानं आता डंक टाकलाय, मिरची कांडायचा. चटणीचा हंगाम होता, दारात डबे घेऊन सात-आठ बायका बसलेल्या, हवेत तिखट भरलेलं. ती डोक्याला फडकं बांधून मशीनमध्ये मिरची लोटत होती. मला बघून ओळखलं, पण थांबली नाही.

मी शिंकत, डोळे पुसत तिच्याजवळ गेलो. ती म्हणाली, "हितं बरं हाय बगा. सगळीच खोकत्यात. खोकला कसला म्हनून कुनी इचारत न्हाय."

मी बाजूला घेऊन तिला सांगितलं. त्या दिवशी मी वरच प्रात्यक्षिक घेतलं, डबी मीच धरून दाखवली, खूण खोटी होती. तिनं ऐकून घेतलं.

"ह्ये मला कशाला सांगतायसा?" ती म्हणाली. "मला म्हाईतच हाय की. मी हुतो न्हवं तिथं."

"मग बैठकीत बोलला का नाही?"

"वही हुती पिशवीत. त्यात लिवल्यालं, डबी आपण धरनं. पन तुमी मान वर करंना. मला वाटलं, सर हायत, कायतरी बोलतील." तिनं हातावरचं तिखट झटकलं. "ज्येस्नी म्हाईत न्हाय त्येस्नी सांगा जावा. लिवून द्या हाफिसात."

लिहायला मला आठ दिवस लागले. पान फाडायचं, पुन्हा लिहायचं. बायकोनं विचारलं तेव्हा तिलाही सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "चार वर्षं माझ्याशेजारी बसून जेवत होता तुम्ही." कार्यालयात आवक क्लार्कनं अर्ज वाचून माझ्याकडे बघितलं. "सर, जुनं मढं कशाला उकरताय? रिटायरमेंटला किती राहिली?" मी म्हणालो, शिक्का मारा. त्याचं पुढे काय होईल ते होवो. अजून काही कळलेलं नाही.

शिक्का मारलेली प्रत घेऊन पुन्हा डंकावर गेलो. खरं सांगतो, जाताना मला थोडं हलकं वाटत होतं. ती शाबास म्हणेल असं काहीतरी मनात होतं. तिनं प्रत उजेडात धरून उभ्यानं सगळी वाचली, बोट ओळीवरून फिरवत.

"हॉलचं हाय. डबीचं हाय. खून मारल्यालं बी हाय," ती म्हणाली. "बैठकीतलं कुठं हाय?"

"कुठलं बैठकीतलं?"

"डाक्टरनी तुमास्नी इचारलं, असं शिकवलं का. तुमी कागद म्होरं सरकवला. त्ये."

ते मी लिहिलं नव्हतं. विसरलो नव्हतो. आळस आणि घाई माणसाकडून होते, ती कागदावर मांडता येते. बैठकीत मात्र मला घाई नव्हती. मी विचार करून गप्प बसलो होतो, समोर आजारी बाई बसलेली असताना. आठ दिवस पानं फाडत होतो ती ह्याच जागेपाशी येऊन.

तिनं नवऱ्याच्या हिशोबाच्या टेबलावरून कोरा कागद आणि पेन आणून दिला. मी चटणीच्या डब्यावर कागद ठेवून लिहिलं. असं मीच शिकवलं हे माहीत असून डॉक्टरांनी विचारल्यावर खोटा कागद पुढे सरकवला, एवढंच. पाच ओळी. लिहून तिच्याकडे दिला, तर तिनं घेतला नाही.

"मोठ्यानं वाचा," ती म्हणाली, आणि जाऊन मशीन बंद केली.

एवढा वेळ चाललेली घरघर थांबली आणि दारातल्या बायका बोलता बोलता गप्प झाल्या. हे तिचंच गाव. यातल्याच कितीतरी बायकांनी तिला उंबऱ्याबाहेरून परत पाठवलं असणार. मी उभा राहून वाचलं. मध्ये दोनदा ठसका लागला, दोनदा थांबलो, ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. माझा आवाज मला परका वाटत होता.

झाल्यावर एक म्हातारी, मांडीवर मिरचीचा डबा घेतलेली, तिला म्हणाली, "म्हंजी गं, तुजी चूक न्हवतीच व्हय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. या वेळी मी मान खाली घातली नाही.

"नव्हती, आजी," मी म्हणालो. "माझी होती."

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आन् आत्ता सांगतोयस व्हय रं," म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली. बाकीच्यांत कुजबुज सुरू झाली. एक बाई उठून तिच्याजवळ गेली, काय बोलली ते मला ऐकू आलं नाही.

"ह्ये बी द्या हाफिसात," ती मला म्हणाली. "शिक्का मारून." मग मशीनच्या बटणावर हात ठेवला. "सरा तिकडं, पावनं. ठसका लागंल."